अंतरातला गळ

हरेश्वरने कमरेचा रुमाल सोडून लेंगा घातला, तो दिवस सगळ्या वेसावे गावाने पाहिला.

कोळ्याचा रुमाल तो केवढा. तीन टोकांचं चौकड्याचं फडकं, पुढे एक टोक सोडलेलं, मागे मांड्या उन्हाला उघड्या. बापाने तोच नेसला, आज्याने तोच. त्या रुमालावर चिखलात रुतता येतं, बोटीवरून पाण्यात उडी टाकता येते, ओला झाला तर अंगावरच वाळतो. फक्त त्यात काही लपवता येत नाही. आणि हरेश्वरला आता लपवायचं होतं.

उजव्या जांघेतला तो गोळा आधी बोराएवढा होता. दिवसभर दोर ओढले की यायचा, रात्री आडवं झालं की जायचा. मग तो सुपारीएवढा झाला, मग लिंबाएवढा, आणि होळीनंतर तर खाली पिशवीत उतरून बसायला लागला. चालताना हरेश्वर उजवा पाय जरा बाहेर टाकायचा. मंजुळाने, त्याच्या बायकोने, ते सगळ्यात आधी ओळखलं होतं; पण नवरा बोलत नाही तोवर बायकोने बोलायचं नाही अशी ती गोष्ट. तिने बाजारातून पांढरा लेंगा आणला आणि न बोलता खुंटीला लावला.

"काय रं हरेश्वर, ब्यांकेत लागलास कं?" जाळी सांधत बसलेल्यांतला एक म्हणाला.

"ब्यांकेत नाय, लगीन हाय त्याचं," दुसरा म्हणाला. "मंजुलाला इचारलंस कं रं?"

हरेश्वर हसला. हसताना खोकला आला आणि खोकताना त्याने नकळत हात लेंग्याच्या पुढे धरला.  सुया परत जाळ्यात चालायला लागल्या.

वैशाख सरत आला तशा बोटी किनाऱ्यावर चढवायला सुरुवात झाली. चार महिन्यांचा पाऊस, त्यातले पहिले अडीच महिने दर्या कोणाचा नसतो. चंदर नाखवाची बोट गावातली जड बोट. तिच्या पोटाखाली ओंडके सरकवायचे, नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, दोर बांधायचा आणि खलाशांनी दोन रांगांत उभं राहून ओढायचं. हरेश्वर या बोटीवर मिसरूड फुटल्यापासून होता आणि त्याची जागा ठरलेली. उजव्या दोरावर सगळ्यात पुढे. पुढचा माणूस हाक देतो आणि मागचे जोर लावतात. त्याच्या हाकेला गावात नाव होतं. आई धवलारीण, लग्नाघरी रात्रभर धवले गाणारी. गळा त्याला तिच्याकडून आलेला.

त्या दिवशी हाक अर्ध्यात तुटली. दोर खांद्यावरून निसटला, मागची रांग एकमेकांवर आदळली आणि हरेश्वर दोन्ही हात मांड्यांत घालून वाळूत उकिडवा बसला. तोंड राखेसारखं झालं होतं.

"लेंग्यात मासा धरला कं?" कोणीतरी मागून म्हणालं. चार माणसं हसली.

बघ्यांत जयवंत उभा होता. गिरणीतला माणूस, मालवणाकडचा. संपाला वर्ष उलटून गेलं होतं. लालबागची खोली सोडून तो जोगेश्वरीला मेव्हण्याकडे राहत होता आणि पडेल ते काम धरायला फिरत होता. तो पुढे आला, वाळूत पडलेला दोर त्याने उचलला आणि हरेश्वरच्या जागी उभा राहिला. हाक त्याला देता येईना. मुक्यानेच ओढत होता. बोट मात्र चढली.

नंतर बोटीच्या सावलीला चंदर नाखवाने हरेश्वरला गाठलं.

"सोर तो लेंगा. काय हाय ता दाखव."

हरेश्वरने खाली बघत नाडी सोडली. नाखवा वाकून बघत राहिला. मग उभा राहून त्याने समुद्राकडे तोंड केलं. "गाढवा. एवरा घेऊन तू माज्या होरीवर डोलजालं ओढत व्हतास?"

"दुखत नाय नाखवा. जड वाटतं जरा."

"आयक. होरी आथा वरच हाय. या पावसात कापून घे. नारली पुनवेला मना तू ताठ पायजेस. नायतर तो गिरनीवाला रोज येऊन बसतो माज्या दारात. त्याचे हात मी बघितले. नरम हायेत, पन होतील घट्ट."

तेवढंच बोलणं झालं. पण घरी येताना हरेश्वरला कळलं होतं की पाऊस आहे तोवर आपल्याला वेळ आहे, आणि पावसाइतकाच आहे.

मोठ्या इस्पितळात मंजुळा बरोबर गेली. मासळीची टोपली नाही तर हातांचं काय करावं हे तिला कळेना. ते तिने पदरात गुंडाळून ठेवले. रांग लांब होती. शेजारची बाई तिच्या अंगाच्या वासाने जरा सरकून बसली. मंजुळानेही मग थोडं अंग चोरलं.

पडद्याआड हरेश्वरला बोलावलं. ती बाहेरून ऐकत होती.

"लेंगा सोडा. उभे राहा. हं, खोका."

खोकल्याचा आवाज.

"परत खोका. जोरात. इकडे या रे सगळे, हात लावून बघा. खोका काका."

पडद्याखालून तिला बुटांचे बरेच जोड दिसत होते आणि त्यांच्या मधोमध दोन अनवाणी पाय, चिखल्यांनी बोटांमध्ये फाटलेले. ते पाय तिच्या नवऱ्याचे होते. दर खोकल्याला टाचा उचलल्या जात होत्या.

डॉक्टर बाहेर आला तो कोवळा पोरगाच होता, चष्मा लावलेला, घाटावरचा. बोलणं स्वच्छ, पुस्तकातल्यासारखं. "घाबरण्यासारखं काही नाही बाई. हर्निया म्हणतात याला. आपल्या मराठीत अंतर्गळ. ऑपरेशन करून शिवून टाकू. तोपर्यंत आडवं झाल्यावर हाताने हळूहळू आत लोटत जायचं. आणि ज्या दिवशी आत जाणार नाही, दुखायला लागेल, ओकाऱ्या येतील, त्या दिवशी तसंच उठून इकडे यायचं. लक्षात राहील?"

"राहील," मंजुळा म्हणाली.

लक्षात राहिलंही. पण एकच शब्द राहिला.

घरी हरेश्वरची आई कृष्णाबाई उंबऱ्यात बसली होती. डोळ्यांवर पडदा आलेला, माणूस ती पावलांवरून ओळखायची. "काय बोलला डागदर?"

"अंतरगल हाय, बोलला," हरेश्वर म्हणाला.

म्हातारीचा हात सुपारी कातरता कातरता थांबला. कोळ्याच्या जिभेवर गळाचा गल होतो. "गल?"

"हव. अंतरातला गल."

 तिचा नवरा लांब दोरावर मासे धरायचा. एका दोराला ओळीने लटकलेले गळ. लग्न होऊन आली तेव्हापासून तिने गळांना आमिष लावलेलं होतं. गळ म्हणजे काय हे तिला कोणी शिकवायचं कारण नव्हतं.

"गिललास कवा?" तिने विचारलं.

"मना काय ठावं आये? ल्हानपनी गेला असल पोटात. माश्याच्या पोटात कवा कवा राहतोच ना."

"डागदर बोलला, हातानं आत लोटायचा," मंजुळा म्हणाली.

"येरा हाय तो," कृष्णाबाई म्हणाली. "गल कोन लोटतो गो? बोटात रुतला तर आपून काय करतो? म्होरं काढतो, दुसऱ्या अंगानं, नि काटा तोरतो. याला दुसरं अंग कुटं हाय? आत लोटशील तर कालजात जाईल. हात लावायचा नाय. गल लागलेला मासा कवापरेंत जगतो? दोर ढिला हाय तवापरेंत. ओढला की मेला. दोर ढिला राहू दे."

घरात कोणाला हे खोटं वाटलं नाही. खोकला आला की गोळा खाली येतो, म्हणजे दोर ओढला जातो. निजलं की वर जातो, म्हणजे ढिला होतो. सगळं जुळत होतं. डॉक्टरही गळच म्हणाला होता, फक्त त्याला माशांचं काही माहीत नव्हतं. त्या दिवसापासून हरेश्वरने गोळ्याला हात लावणं सोडलं. आपसूक जाईल तेवढा जायचा. राहील तेवढा राहायचा.

"दोर कुनाच्या हातात हाय, ता नाय समजत," म्हातारी रात्री पुटपुटायची. आणि मग तिचा गळा, लग्नांच्या मांडवात झिजलेला, बारीक सुरात चालायचा:

*दोर गो ढिला सोर, सोर दर्याचे राजा,*
*गलाला लागला गो एकला लेक माजा.*

ऑपरेशनची तारीख मिळाली. हरेश्वरने दाढी केली, मंजुळाने डोक्यावर तेल थापलं. इस्पितळात त्याला खाट मिळाली, अंगावर हिरवा सदरा मिळाला, उपाशी ठेवलं. मग भूल देणारी डॉक्टरीण आली. तिने पाठीला नळी लावली, पुढे लावली, परत पाठीला लावली.

"किती दिवसांचा खोकला आहे हा?"

"पावसातला हाय. दर पावसात येतो. उन पडलं की जातो."

"छाती भरलीय सगळी. अशा छातीवर भूल नाही देता येणार. आणि ऑपरेशन केलं तरी एका खोकल्यात टाके उसवतील. औषध लिहून देते. खोकला बरा झाला की या."

हिरवा सदरा काढून घेतला. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा म्हणाला, "सुटलास." हरेश्वरने आपला लेंगा चढवला. त्याला सुटल्यासारखं वाटलं नव्हतं.

बाहेर बसथांब्यावर मंजुळाचं तोंड सुटलं. "एक बोलतो खोक, जोरात खोक, पोरांना दाखव. दुसरी बोलते खोकू नको. दोगांना आधी एका खोलीत बसवा, त्यांचं काय ता ठरू दे, नि मगशी आमाना बोलवा."

"हलू बोल."

"कला हलू? हलू बोलूनच तुमचा खोकला एवरा जाला."

ती हसली, तोही हसला, आणि परत त्याचा हात पुढे गेला.

आषाढ आला. घराच्या भिंती घामेजल्या. करवंट्या ओल्या, गोवऱ्या ओल्या. चुलीतून जाळ कमी आणि धूर जास्त. माळ्यावर सुक्या बोंबलांची पोती, त्यांच्या खारट वासात चार माणसांपुरती जागा, त्या जागेत तिघं आणि एक खोकला. मंजुळाने अडुळसा आणला, आल्याचा रस काढला, छातीला मोहरीचं तेल चोळलं. हरेश्वरने बिडी सोडली. कानामागची रिकामी जागा तो सारखी चाचपायचा. कोणी सांगितलं शेक घे, घेतला. कोणी सांगितलं केळं बंद कर, केलं. खोकला दिवसा जरा बसायचा आणि तिन्हीसांजेला पाऊस जोर धरला की याच्या छातीतही जोर धरायचा.

परत गेले. परत नळी, परत मान हलली. फोटो काढला छातीचा. त्यात मोठं काही निघालं नाही. म्हणजे बरं झालं असं मंजुळाला वाटलं, पण मोठं नाही म्हणून औषध मोठं नाही आणि खोकला तोच. तिसऱ्यांदा गेले तेव्हा चष्म्याचा डॉक्टर दुसऱ्या वॉर्डात होता. नव्या डॉक्टरने कागद बघितला. "अहो, ही काय इमर्जन्सी नाही. पावसाळा संपला की या ना. तेव्हा खोकला नसेल."

"पावसाला संपला की होरी जाते, साहेब," हरेश्वर म्हणाला.

"मग?"

त्या 'मग'ला उत्तर होतं, पण ते मोठं होतं आणि मागे रांग उभी होती.

नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिला. सोन्याच्या कागदाचा नारळ मिरवणुकीने गेला, बायकांनी केसांत अबोली घातली, कृष्णाबाईला दोघींनी धरून पाण्यापर्यंत नेलं. तिने हात जोडले ते कोणासाठी हे विचारायला नको होतं. चंदर नाखवा बोटीला रंग देत उभा होता. त्याने हरेश्वरकडे बघितलं. आधी तोंडाकडे, मग खाली.

"जालं?"

"नाय जालं नाखवा. खोकला."

नाखवाने ब्रश डब्यात ठेवला. "आथा रं?"

"येतो मी. बांधून येतो."

त्याने बांधलं ते असं: जुन्या जाळ्याचा लाकडी बोया घेतला, कोयत्याने तासून तळहाताएवढा गोल केला, त्यावर कापड गुंडाळलं. तो जांघेवर ठेवून वरून मऊ दोराचे वेढे कमरेला आणि मांडीखालून घेतले. गाठ कोळ्याची, पाण्यात न सुटणारी. कृष्णाबाईने हात फिरवून बघितला आणि तिला बरं वाटलं. "बोया हाय तवा दोर बुरनार नाय," ती म्हणाली. त्यावर त्याने परत रुमाल नेसला.  जे दिसतच होतं त्यावर गावाने काय बोलायचं.

नाखवाने जयवंतलाही घेतलं होतं. दोघं एकाच दोरावर. डोल जाळं भरतीच्या ओढीला तोंड करून पाण्यात उभं असतं. पाणी थांबलं की तेवढ्या वेळात ते वर घ्यायचं, आणि आत मासळी नि चिखल नि दर्याचं अर्धं वजन असतं. हरेश्वर हाक द्यायचा, जयवंत ओढायचा. हरेश्वरच्या हातात दोर असायचा, पण त्याचा भार जयवंत आपल्याकडे घ्यायचा. असं दोघांनी कधी ठरवलं नव्हतं.

दसऱ्यानंतर ऊन कडक झालं. किनाऱ्यावर वलांड्या उभ्या राहिल्या. बांबूंवर ताणलेल्या दोरांना बोंबील, जबड्यात जबडा अडकवून, वाऱ्यावर हलायला लागले. आणि एका सकाळी मंजुळाच्या ध्यानात आलं की घरात कोणी खोकत नाही.

ती त्याला ओढतच घेऊन गेली. चष्म्याचा डॉक्टर भेटला, त्याने ओळखलं, पाठीला नळी लावली. "वा. छाती मोकळी आहे. आता लगेच घेऊ तुम्हाला." मग म्हणाला, "नंतर तीन महिने वजन उचलायचं नाही हं. काहीही नाही. नाहीतर परत येईल."

हरेश्वरने मंजुळाकडे बघितलं. तीन महिने म्हणजे माघ. म्हणजे बोंबलाचा सगळा मोसम. ज्या मोसमावर पाऊस काढायचा तो.

नाखवाच्या ओट्यावर तो उभा राहिला. चंदर वाईट माणूस नव्हता. त्याने पाट सरकवला, चहा मागवला.

"तीन म्हयने मी तुजी जागा कशी ठेवू रं? दोरावर मानूस लागतो. त्या गिरनीवाल्याबरोबर अजून एक घ्यावा लागल. तो म्हयनाभर राबला की मी त्याला काय सांगू, हरेश्वर आयला, तू जा? त्यालाबी घर हाय."

"खरं हाय."

"पावसात कर. येत्या पावसात."

"पावसात खोकला येतो नाखवा."

चंदर चहाकडे बघत राहिला. "तर मंग मी काय करू, तूच सांग."

 चहा गरम होता, तो हरेश्वरने बशीत ओतून शेवटपर्यंत प्यायला.

घरी मंजुळा म्हणाली, "मी दोन टोपल्या घेईन. अंधेरीलाबी जाईन, पार्ल्यालाबी जाईन. तुमी कापून घ्या."

"नि जागा?"

"जागा गेली चुलीत."

"चुलीत गेली की चूल कशी पेटल?" तो म्हणाला. तो रागाने बोलला असता तर ती भांडली असती. तो हळू बोलला, बोया तासताना बोलत होता तसा. "येता पाऊस. आथापासून बिडी बंदच हाय. अडुलसा आथापासून घेईन. येत्या पावसात खोकनार नाय मी."

ती टोपली धुवायला उठली.

अमावस्येच्या उधाणाला बोटी बाहेर गेल्या होत्या. अमावस्येला दर्या भरतो तसा उतरतोही. सकाळच्या ओहोटीला खाडीचं तोंड इतकं उघडं पडतं की कावळे मधोमध चालतात. उजाडताना मंजुळा वलांडीवर बोंबील घालत होती. हाताला सवय होती, डोळे रिकामे होते, म्हणून बोट आधी तिलाच दिसली.

खाडीच्या तोंडाबाहेर, फुटणाऱ्या लाटांच्या पलीकडे, चंदर नाखवाची बोट उभी होती. नव्या रंगाची निळी पट्टी तिला ओळखता आली. बोट या वेळेला येत नाही. पाणी नसताना कोणी येत नाही. काठीला फडकं बांधून कोणीतरी हलवत होतं.

तिच्या हातातला बोंबील वाळूत पडला. तिने तो उचलला, धुतला नाही, तसाच दोरावर घातला. मग ती पाण्याकडे चालायला लागली. कोणाला काही विचारलं नाही.

गाव जमलं. लहान होडी घातली. चार वल्ही, तगडे पोरगे. वारा होता. तोंडाशी लाट उभी राहून फुटत होती, होडी आडवी झाली, परत आली. दुसऱ्यांदा घातली, पाणी भरून परत आली. मग म्हातारे म्हणाले, थांबा. पाणी येऊ द्या.

पाणी येऊ द्यायचं म्हणजे काय करायचं, तर उभं राहायचं. मागे सात बंगल्याच्या बाजूला उंच इमारतींच्या काचा उन्हात चमकायला लागल्या होत्या. कोणाच्या तरी गॅलरीत कपडे वाळत घातले जात होते. बोटीवरची माणसं मोजता येत होती. उभी होती ती. एक आडवा होता तो दिसत नव्हता, त्याच्यावर धरलेलं शीड दिसत होतं.

कृष्णाबाईला कोणीतरी आणून वाळूत बसवलं. "पानी कुटं आयलं?" ती थोड्या थोड्या वेळाने विचारायची.

"येतंय आये."

मंजुळा गुडघाभर चिखलात उभी होती. पाणी तिच्या पोटऱ्यांना लागलं, मग गुडघ्यांना लागलं. इतकं हळू की ते वर चढतंय की आपण खाली रुततोय हे कळेना. मांडीला लागलं तेव्हा बोटीचं इंजिन वाजलं.

जयवंतने त्याला खांद्यावरून उतरवलं. हरेश्वरचे डोळे उघडे होते, ओठ मिठाने पांढरे. पोट ढोलासारखं तट्ट फुगलेलं. रुमालाखालून बोयाचे दोर अजून आवळलेले होते.

"कालपासून ओकता हा," जयवंत म्हणाला. "आमी म्हटला, बोट वळवूया. तर तो म्हणालो, जाळी काढल्याशिवाय नको. हात लावूक दिल्यान नाय कोणाक. तो म्हणालो, गळ हा, दोर ढिलो सोडा." त्याने तोंड फिरवलं. "माका काय तां समाजला नाय, वयनी."

गाठ सुटेना. मंजुळाने मासळीच्या कोयत्याने दोर कापला. बोया निघाला, त्याखालचा गोळा काळानिळा पडला होता.

इस्पितळात या वेळी रांग नव्हती. ढकलगाडी धावली, दारं धक्क्याने उघडत गेली, कोणीतरी अंगठा घेतला, कोणीतरी हिरवा सदरा आणा म्हणालं, कोणी तोही नको म्हणालं. भूल देणारी तीच डॉक्टरीण होती. तिने पाठीला नळी लावली नाही. मंजुळा तिच्या मागे दोन पावलं चालत गेली. "बाय, त्याला खोकला नाय आथा," ती म्हणाली. डॉक्टरीण थांबली नाही. खोकल्याचं कोणी विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी दिवस कलताना हरेश्वर गेला. शेवटी तो बोलला ते पाणी, एवढंच. ते प्यायचं होतं की आलं का विचारत होता, हे तिला नीट समजलं नाही.

चष्म्याचा डॉक्टर तिच्यासमोर बाकावर येऊन बसला. डॉक्टर सहसा बसत नाहीत. "आतडं अडकून काळं पडलं होतं. कापलं, पण विष भिनलं होतं. बाई, आत जाईनासं झालं तेव्हाच का नाही आणलंत? मी सांगितलं होतं ना, लोटून बघायचं, नाही गेलं की लगेच."

"लोटलाच नाय कवा."

"का?"

"गल कोनी लोटतो कं?" ती म्हणाली. मग तिने पदर सावरला. "काढला असल तुमी, तर द्या मना. त्याच्या आयला दाखवायचा हाय."

"काय देऊ?"

"गल. अंतरातला."

 त्याने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला. "तो गळ नाही बाई," तो अगदी हळू म्हणाला. "गळणं असतं ना, तसं. आतलं जे आहे ते गळतं, खाली उतरतं. पोटाची भिंत झिजते वजन ओढून ओढून, मग आतडं त्यातून खाली येतं. नुसतं येतं. गळ वगैरे काही नसतो."

"नि ओढतो कोन?"

"कोणी नाही. कोणी ओढत नाही."

 बाहेर कावळे ओरडत होते. पडद्याखालून परत बुटांचे जोड दिसत होते आणि मधे कोणाचे तरी अनवाणी पाय. आतून आवाज आला, खोका.

सगळं आटोपल्यावर, माणसं आपापल्या दारी गेल्यावर, कृष्णाबाईने तिला जवळ बोलावलं. "काढला कं गो त्यांनी?"

मंजुळा उठली. माळ्याखाली सासऱ्याच्या वेळची पेटी होती. तिच्यातला एक गळ तिने काढला, गंजलेला, काटा झिजलेला, आणि म्हातारीच्या तळहातावर ठेवला. म्हातारीने तो बोटांनी चाचपला. वाकण, काटा, दोर ओवायचं भोक.

"एवरासा?"

"एवरासाच."

"एवऱ्याशानं नेला," म्हातारी म्हणाली. तिचं बोट त्या भोकावर जाऊन थांबलं. तिथेच ते फिरत राहिलं, रिकाम्या भोकावर, परत परत. "नि दोर? दोर कुनाच्या हातात व्हता गो?"

बाहेर वलांडीवर बोंबील वाऱ्याने एकमेकांवर आपटत होते. परवा घातलेले, कोणी काढले नव्हते.

"दोर नव्हता, आये," मंजुळा म्हणाली.